आधीचे सिझेरियन आणि आणलेल्या कळा

एकदा सिझेरियन झालेल्या स्त्रीचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक मार्गाने होऊ शकते. आधीचे एकच सिझेरियन, गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद, पोटात एकच बाळ आणि त्याचे डोके खाली, अशी स्थिती असेल तर हा प्रयत्न करणाऱ्या चार स्त्रियांपैकी साधारण तिघींना तो साधतो. डॉक्टरांच्या बोलण्यात याला ‘व्हीबॅक’ म्हणतात. प्रश्न अवघड होतो तो दिवस भरूनही कळा सुरू होत नाहीत तेव्हा. कधी रक्तदाब चढतो, कधी पाणमोट फुटते पण पोट दुखत नाही, कधी बाळाची वाढ थांबल्यासारखी दिसते, कधी 41 आठवडे उलटतात. अशा वेळी थांबून राहण्यात धोका असतो. मग एक तर सरळ दुसरे सिझेरियन करायचे किंवा कळा आणायच्या, म्हणजे इंडक्शन करायचे. ‘टाके असताना कळांचे औषध द्यायचेच नसते’ असे घरोघरी ऐकू येते, तर ‘ड्रिप लावली की मोकळी होईल’ असे दुसऱ्या बाजूने सांगणारेही भेटतात. पहिल्या समजापोटी कितीतरी शस्त्रक्रिया विनाकारण होतात. दुसऱ्यापोटी जीव धोक्यात येतो.

सगळा विचार गर्भाशयावरच्या वणाभोवती फिरतो. पोटाच्या कातडीवरचा वण दिसतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. वरचा वण आडवा असून आतला उभा असू शकतो. गर्भाशयाचा वरचा भाग जाड स्नायूचा असतो आणि कळांच्या वेळी तोच जोराने आकुंचन पावतो. खालचा भाग पातळ असतो आणि तो ताणला जातो. पूर्वी छेद वरच्या जाड भागावर उभा घेत. एडविन क्रेगिन या न्यूयॉर्कच्या प्रसूतितज्ज्ञाने 1916 साली, एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, अशा अर्थाचे विधान केले ते त्या काळातले. त्याचा खरा रोख पहिले सिझेरियन शक्यतो टाळावे यावर होता, पण विधान संदर्भ सोडून पुढे चालत राहिले. पुढे 1920च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या भागावरचा आडवा छेद रूढ केला आणि वणाची ताकद बदलली. आज बहुतेक सिझेरियन याच छेदाने होतात. उभ्या छेदाचा किंवा इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा वण असेल, किंवा गर्भाशय पूर्वी एकदा फाटलेले असेल, तर कळा आणण्याचा विचारच करत नाहीत.

वण उसवण्याचेही दोन प्रकार आहेत. कधी स्नायूची कडा थोडी विलग होते, पण वरचे आवरण शाबूत राहते. असे उसवणे बहुधा दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी योगायोगाने लक्षात येते आणि त्याने काही बिघडत नाही. खरी भीती असते ती गर्भाशय आरपार फाटण्याची. त्यात आईला आतल्या आत रक्तस्राव होतो, वार सुटू लागते, बाळाचा प्राणवायू तुटतो. क्वचित गर्भाशय काढून टाकावे लागते.

हे किती वेळा घडते, याचे सगळ्यांत भरवशाचे आकडे अमेरिकेतल्या 19 केंद्रांच्या अभ्यासातून आले. तो 2004 साली प्रसिद्ध झाला. आधी सिझेरियन झालेल्या 17,898 स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला होता. एकूण 0.7 टक्के स्त्रियांमध्ये गर्भाशय फाटले. कळा आपोआप आलेल्या स्त्रियांत हे प्रमाण 0.4 टक्के होते, तर कळा आणलेल्यांत 1 टक्का. म्हणजे धोका अडीच पट झाला, आणि तरीही शंभरातल्या 99 जणींना तो भोगावा लागला नाही. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. त्यातले एकच कानावर पडले तर निर्णय चुकतो, म्हणून डॉक्टरांनी ती जोडीनेच सांगायला हवीत. याच अभ्यासात प्रयत्न करणाऱ्या गटातल्या 12 बाळांच्या मेंदूला प्राणवायूअभावी इजा झाली. ठरवून सिझेरियन केलेल्या गटात अशी एकही नोंद नव्हती. उलट बाजूने ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2015च्या मार्गदर्शिकेत दिलेले मातामृत्यूचे आकडे पाहावेत: नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर एक लाखात 4, ठरवून सिझेरियन केले तर 13. दोन्ही संख्या अगदी लहान आहेत.

कळा आणल्यावर यश मिळण्याची शक्यताही थोडी घटते. वरच्याच अभ्यासातल्या स्त्रियांत आपोआप कळा आलेल्यांपैकी सुमारे 81 टक्के, तर कळा आणलेल्यांपैकी सुमारे 67 टक्के नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या. हे आकडे वाचताना मात्र एक गफलत सहज होते. कळा आणलेल्या स्त्रीची तुलना कळा आपोआप आलेल्या स्त्रीशी केली जाते. पण आपोआप कळा येणे काही कुणाच्या हातात नसते. 39 किंवा 40 आठवड्यांच्या स्त्रीपुढचे खरे पर्याय असतात ते आज कळा आणायच्या की आणखी वाट पाहायची, हे. वाट पाहताना कुणाच्या कळा येतात, कुणाचा रक्तदाब चढतो, कुणाला आठवडाभराने कळा आणाव्याच लागतात. या योग्य जोडीची तुलना 2015च्या एका विश्लेषणात केली गेली. 39व्या आठवड्यात कळा आणलेल्यांपैकी 73.8 टक्के नैसर्गिकरीत्या बाळंत झाल्या, तर वाट पाहणाऱ्यांपैकी 61.3 टक्के. पण गर्भाशय फाटण्याचे प्रमाण पहिल्या गटात 1.4 टक्के आणि दुसऱ्यात 0.5 टक्के होते. यशाबद्दलचा नेहमीचा समज या तुलनेत उलटा पडतो, धोक्याबद्दलचा मात्र कायम राहतो. म्हणून केवळ सोयीसाठी, रविवार टाळायला किंवा मुहूर्त साधायला, आधीचे सिझेरियन असताना कळा आणू नयेत. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी.

त्या कारणातही तारखेचा घोळ पुष्कळ असतो. पाळीच्या तारखेवरून काढलेला अंदाज आठ-दहा दिवसांनी सहज चुकतो आणि दिवस न उलटताच ‘तारीख उलटली’ असे ठरते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने दिलेली तारीख अधिक खरी असते. बाळ मोठे आहे एवढ्याच अंदाजावर घाई करणेही बरोबर नाही, कारण शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीने सांगितलेले वजन बरेच इकडेतिकडे होते.

सगळ्या स्त्रियांचा धोका सारखा नसतो. जिचे एखादे मूल सिझेरियनच्या आधी किंवा नंतर नैसर्गिक मार्गाने झालेले आहे, तिची स्थिती फारच चांगली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11,778 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आधी एकही नैसर्गिक प्रसूती न झालेल्यांत कळा आणल्यावर गर्भाशय फाटण्याचे प्रमाण 0.8 वरून 1.5 टक्क्यांवर गेले. पूर्वी नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत ते 0.4 आणि 0.6 टक्के होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. पहिले सिझेरियन कशासाठी झाले तेही महत्त्वाचे. बाळ पायाळू होते म्हणून झाले असेल तर ते कारण या खेपेला बहुधा नसते. पिशवीचे तोंड पूर्ण उघडूनही डोके खाली सरकले नाही म्हणून झाले असेल तर आशा थोडी कमी. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर वणाला पुरेसा वेळ मिळालेला नसतो.

यानंतर येते गर्भाशयाचे मुख, ज्याला बोलताना पिशवीचे तोंड म्हणतात. ते किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, मऊ आहे की नाकाच्या शेंड्यासारखे घट्ट, मागे वळलेले आहे की पुढे आले आहे आणि बाळाचे डोके किती खाली उतरले आहे, या पाच गोष्टी तपासून गुण देतात. ही पद्धत एडवर्ड बिशप यांनी 1964 साली मांडली. कमाल गुण 13. आठाच्या वर गुण असतील तर मुख तयार आहे असे धरतात. सहा किंवा त्याहून कमी असतील तर आधी मुख मऊ करावे लागते. आणि वण असलेल्या गर्भाशयात हे मऊ करणेच सगळ्यांत नाजूक काम आहे.

सध्या त्यासाठी सर्वांत सुरक्षित मानले जाणारे साधन अगदी साधे आहे: लघवीसाठी घालतात ती फोलीची नळी. तपासणीच्या टेबलावर योनिमार्ग उघडा ठेवणारे साधन लावून नळीचे टोक पिशवीच्या तोंडातून अलगद आत सरकवतात. टोकाजवळच्या फुग्यात 30 ते 60 मिलीलिटर निर्जंतुक पाणी भरतात. मग नळी हलकी मागे ओढतात, म्हणजे फुगा मुखाच्या आतल्या कडेवर टेकून बसतो, आणि नळीचे बाहेरचे टोक थोड्या ताणात मांडीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावतात. काही क्षण कळ येते, ओटीपोटात जडपणा वाटतो. त्यानंतर स्त्री उठू शकते, जेवू शकते, बाथरूमला जाऊ शकते. फुग्याचा दाब मुख हळूहळू उघडतो, आणि त्या दाबामुळे तिथल्याच पेशींतून प्रोस्टाग्लँडिन हे शरीराचे स्वतःचे रसायन थोडे थोडे स्रवते. तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडले की फुगा आपोआप बाहेर येतो. नाहीच आला तर साधारण 12 तासांनी काढतात. गर्भाशयाला एकाएकी जोरदार कळांकडे ढकलणारे यात काही नाही आणि त्रास झाला तर फुग्यातले पाणी काढून नळी लगेच बाहेर घेता येते. 2004च्या अभ्यासात अशा साधनांनी कळा आणलेल्यांत गर्भाशय फाटण्याचे प्रमाण 0.9 टक्के होते, आणि त्यातल्या काहींना पुढे ऑक्सिटोसिनही दिले गेले होते. इतकी स्वस्त वस्तू ग्रामीण रुग्णालयातही मिळते, ही मोठी जमेची बाजू.

तोंड उघडू लागले की पाणमोट फोडतात आणि गरज पडली तर ऑक्सिटोसिनची ड्रिप लावतात. ऑक्सिटोसिन हे शरीरातच तयार होणारे संप्रेरक. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते 1953 साली प्रयोगशाळेत बनवले आणि 1955 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. रक्तात ते काही मिनिटेच टिकते, त्यामुळे ड्रिप थांबवली की जोर लवकर ओसरतो. मात्रा मात्र फार काटेकोर हवी. 500 मिलीलिटरच्या बाटलीत 5 युनिट घातले तर एका मिलीलिटरमध्ये 10 मिलियुनिट येतात. 20 थेंबांचा एक मिलीलिटर होणारा सेट असेल तर एका थेंबात अर्धा मिलियुनिट. सुरुवातीची मात्रा मिनिटाला एक-दोन मिलियुनिट, म्हणजे मिनिटाला दोन ते चार थेंब. स्त्रीने कूस बदलली आणि सेटचे चाक जरासे सरकले, तरी मात्रा दुप्पट-तिप्पट होते. म्हणून आधीचे सिझेरियन असताना ड्रिप नजरेच्या अंदाजावर सोडणे बरे नव्हे, मात्रा ठरवून देणारा पंप असावा. मात्रा साधारण अर्ध्या तासाने वाढवतात आणि दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा आल्या की तिथेच थांबतात. मात्रा जितकी जास्त तितका फाटण्याचा धोका जास्त, असे अभ्यासांत दिसले आहे. बाळंतपणाआधी हेच औषध स्नायूत टोचणे तर सर्वथा चूक. टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही.

प्रोस्टाग्लँडिनच्या औषधांची कथा वेगळी आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या 20,095 स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास 2001 साली आला आणि त्याने प्रसूतिशास्त्र हादरले. गर्भाशय फाटण्याचे प्रमाण हजारी असे होते: कळांशिवाय सिझेरियन झालेल्यांत 1.6, आपोआप कळा आलेल्यांत 5.2, प्रोस्टाग्लँडिन न वापरता कळा आणलेल्यांत 7.7 आणि प्रोस्टाग्लँडिनने आणलेल्यांत 24.5. त्यात नेमके कोणते प्रोस्टाग्लँडिन वापरले हे वेगळे काढता आले नव्हते, आणि 2004च्या अभ्यासात हा आकडा 1.4 टक्के इतका खाली आला. पण मिसोप्रोस्टॉलबद्दल शंकेला जागा उरली नाही. अमेरिकेत या गोळीची ऑक्सिटोसिनशी तुलना करणारी एक चाचणी सुरू झाली; गोळी दिलेल्या 17 स्त्रियांपैकी दोघींचा वण उसवला आणि चाचणी मध्येच बंद करावी लागली. ते 1998 साली प्रसिद्ध झाले. हे औषध मुखाचे तंतू जसे मऊ करते तसेच वणाचेही करत असावे, असा तर्क आहे, आणि प्रोस्टाग्लँडिननंतर गर्भाशय बहुधा जुन्या वणावरच फाटते या निरीक्षणाशी तो जुळतो. आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीला पूर्ण दिवसांत कळा आणण्यासाठी मिसोप्रोस्टॉल देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही. तरी मोह होतो, कारण गोळी स्वस्त आहे आणि तिला फ्रिज लागत नाही. डायनोप्रोस्टोनच्या जेलला लागतो. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला हीच गोळी देतात, त्याला या इशाऱ्याची आडकाठी नाही. डायनोप्रोस्टोनबाबत मात्र तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. काही ठिकाणी ते सावधपणे, कमी मात्रेत वापरतात, पण फुग्याची नळी हाताशी असताना त्याच्याकडे वळण्याचे कारण क्वचितच असते.

साधन कोणतेही असो, जागा योग्य नसेल तर सुरुवातच करू नये. ऑपरेशन थिएटर तयार हवे, भूलतज्ज्ञ आवारात हवा, रक्ताची सोय हवी, आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख सतत उमटत राहायला हवा. गर्भाशय फाटल्याची पहिली खूण बहुतेक वेळा त्या आलेखावरच दिसते: ठोके मंदावतात आणि सावरत नाहीत. दोन कळांच्या मध्येही न थांबणारे दुखणे, अंगावरून रक्त जाणे, आईची नाडी वेगाने चालणे, जोरात येणाऱ्या कळा अचानक बंद पडणे, खाली उतरलेले डोके पुन्हा वर जाणे, या इतर खुणा. सगळ्या एकदम दिसतीलच असे नाही. शंका आल्यापासून 18 मिनिटांच्या आत बाहेर काढलेली बाळे चांगली राहिली, असे 2012च्या एका अभ्यासात आढळले. ज्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ फोन केल्यावर गावाच्या दुसऱ्या टोकाहून येतो, तिथे हे 18 मिनिटांचे गणित बसत नाही. डॉक्टर कितीही कुशल असले तरी तिथे कळा न आणणेच शहाणपणाचे. कळा येताना कमरेतून वेदनाशामक घेतले तर धोक्याची खूण झाकली जाते ही भीती मात्र निराधार ठरली आहे.

महाराष्ट्रात आणखी एक व्यावहारिक अडचण येते. पहिले बाळंतपण माहेरी, दुसरे सासरी किंवा नोकरीच्या शहरात, ही रीत अजून टिकून आहे. त्यामुळे पहिल्या सिझेरियनचे कागद एका गावात आणि गरोदर बाई दुसऱ्या गावात. डॉक्टरांना हवे असते ते शस्त्रक्रियेचे टिपण: छेद कोणता घेतला, तो बाजूला फाटला होता का, पिशवीचे तोंड किती उघडल्यावर सिझेरियन झाले, नंतर ताप किंवा संसर्ग झाला का. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘एलएससीएस’ लिहिलेले असते. त्यातून खालचा आडवा छेद कळतो, बाकीचे काही नाही. सातव्या महिन्यातच माहेरच्या दवाखान्यातून हे टिपण मागवून घेतले तर ऐन वेळी अंधारात निर्णय करावा लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2019-21 मध्ये महाराष्ट्रात 25.4 टक्के, गोव्यात 39.5 टक्के आणि देशात 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. तेव्हा हे कागद लागणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढतच जाणार.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरे सिझेरियन का नको, हा प्रश्न रास्त आहे. दोनच मुले हवी असतील तर ठरवून केलेले दुसरे सिझेरियन हा चांगला, सुरक्षित पर्याय आहे आणि तो निवडणाऱ्या स्त्रीला कुणी कमी लेखू नये. तिसऱ्या मुलाचा विचार असेल तर मात्र हिशेब बदलतो. प्रत्येक वणाबरोबर पुढच्या वेळी वार खाली बसण्याची आणि गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याची शक्यता वाढते. वार मुखावर आलेली असेल तर ती भिंतीत रुजलेली आढळण्याचे प्रमाण दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी 11 टक्के आणि तिसऱ्याच्या वेळी 40 टक्के, असे 2006 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. अशा शस्त्रक्रियेत रक्ताच्या कितीतरी पिशव्या लागतात आणि अनेकदा गर्भाशय काढावे लागते.

कळा आणायला घेतल्यावर कुठे थांबायचे हेही आधी बोलून ठेवावे लागते. सगळ्यांत जास्त गुंतागुंत होते ती लांबत गेलेला प्रयत्न शेवटी घाईच्या सिझेरियनने संपतो तेव्हा. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा अशा शस्त्रक्रियेत संसर्ग आणि रक्तस्राव दोन्ही अधिक. फुगा काढल्यावरही मुख जसेच्या तसे घट्ट असेल, तर त्या टप्प्यावर शांतपणे सिझेरियनकडे वळता येते. ड्रिपवर चांगल्या कळा असूनही काही तास तोंड उघडत नसेल तर मात्रा वाढवत नेणे धोक्याचे, कारण प्रगती अडणे हीच कधी कधी वणावर ताण आल्याची खूण असते. प्रसूती नीट पार पडली तर आत हात घालून वण चाचपण्याची जुनी पद्धत, रक्तस्राव किंवा दुसरे लक्षण नसेल तर, आता अनावश्यक मानतात. अशा एका प्रसूतीने पुढचा मार्गही सोपा होतो. 2008च्या एका अभ्यासात सिझेरियननंतर एकदाही नैसर्गिक प्रसूती न झालेल्या स्त्रियांत गर्भाशय फाटण्याचे प्रमाण 0.87 टक्के होते, आणि एकदा झालेल्यांत 0.45 टक्के.